झाडावर कोण आहे?

आमच्या गावात न्हाणीला छप्पर नसतं. चारी बाजूंनी झावळ्यांचा कूड, मध्ये एक दगड, एक बादली आणि वर उघडं आभाळ. आभाळाचं काही नाही, पण त्या आभाळात माड असतात, आणि सकाळ-संध्याकाळ त्या माडांवर गावातले पुरुष चढलेले असतात. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, तासायची, भरलेली बाटली उतरवायची, रिकामी बांधायची. नीरा दोन वेळा काढली नाही तर पोय रुसते. आता वर पुरुष आणि खाली बाई, तर गावात रोज डोकी फुटली असती. म्हणून वाडवडिलांनी साधा नियम घालून दिला, की माडावर चढणाऱ्यानं गायचं. मोठ्यानं, आणि पाय परत जमिनीला टेकेपर्यंत.

गाणं कानावर आलं की खालच्या बाईनं कापड ओढून घ्यायचं. आणि गाणं मध्येच तुटलं तर हातातलं काम टाकून सगळ्यांनी धावायचं, कारण माणूस पडला. जो गात नाही तो एकतर वाईट नजरेचा, नाहीतर मेलेला. तिसरा प्रकार आम्हाला ठाऊक नव्हता. तो माझ्या भावजींनी आणला.

भावजी म्हणजे तेन बरानिको, माझ्या थोरल्या बहिणीचा, रोटियाचा नवरा. आमची घरं शेजारी-शेजारी, आणि त्यांचा सगळ्यात उंच माड नेमका माझ्या न्हाणीच्या डोक्यावर. बुटका माणूस, टणक पोटऱ्या, टाचा भेगाळलेल्या, पायांची बोटं एकमेकांशी भांडण झाल्यासारखी फाकलेली. दिसायला काही नाही हो. पण गळा! पलीकडच्या गावातल्या बाया म्हणायच्या, तुमच्या बरानिकोनं गायला सुरुवात केली की आमचे नवरे झाडावर लाजतात.

त्या गळ्याचा आणि अंगाचा एक करार होता. चढताना तुटक तुटक शब्द, श्वास पुरेल तेवढेच. शेंड्यावर बसले की सुरी हातात आणि लांबलचक ओळ, एका ओळीत एक काप. दोरी दातात धरली की नुसतं गुणगुणणं. न बघता मला कळायचं, आता पोय बांधतायत, आता उतरतायत. आणि वरून त्यांना सगळं गाव दिसायचं, त्यामुळे गाण्यात गावाची खबर यायची. मेव्हणीची चेष्टा करायचा हक्क आमच्यात भावजींना जन्मभराचा असतो. एक दिवस चेष्टा झाली नाही तर लोक विचारतात, काय बिनसलं? म्हणून गाण्यात माझं नाव हमखास.

“बेरेते, बेरेते, कढई करपली, तुझं लक्ष कुठं?”

“तुमच्या टकलावर!” मी न्हाणीतून ओरडायची. “ऊन पडलंय, डोळे दिपले माझे!”

त्यावर वरून हसू सांडायचं, आणि पुढची ओळ त्या हसण्यातूनच निघायची. अशी आमची वर्षं गेली.

मग त्यांच्या गळ्यात गाठ आली. फिजीला, सुवाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. गाठ निघाली, पण तिच्याबरोबर आवाजाची एक दोरीही कापावी लागली. रोटिया फोनवर गळा काढून रडली, आणि ज्याचा गळा खरोखर काढला होता तो माणूस तिच्या शेजारी गप्प बसला होता. परत आले तेव्हा आम्ही सगळे धक्क्यावर गेलो होतो. बोटीतून उतरताना ते काहीतरी म्हणाले. वाळकी झावळी वाळूतून ओढत नेल्यासारखा आवाज आला. कुणाचं तरी लहान पोर खुदकन हसलं. झालं. भावजींनी तोंड मिटलं ते मिटलंच.

त्या दिवसापासून ते अंगठ्यानं बोलायला लागले. फोन आधीही होता, पण कमरेच्या कापडात पडलेला असायचा. आता तो चोवीस तास हातात. रोटिया मासा साफ करतेय, हे हातभर अंतरावर बसलेत, आणि तिच्या कमरेला फोन गुरगुरतो. हात धुवायचे, फोन काढायचा, चष्मा शोधायचा, आणि काय तर, ‘मीठ कमी घाल.’

“अहो, जीभ कापलेली नाही तुमची!” रोटिया करवादायची. “घोगरं तर घोगरं, बोला की!”

उत्तरादाखल पुन्हा गुरगुर. ती वाचायचीच नाही. मग ते नुसते तिच्याकडे बघत बसायचे.

बाकी आम्ही तरी कुठले शहाणे? मलासुद्धा तेव्हा अशी खोड लागली होती की फोन घरी चुलीजवळ पडलेला असला तरी विहिरीवर माझी मांडी थरथरायची. मी घाईघाईनं चाचपायची, तर हाताला नुसती मांडीच. रोटियाचंही तेच. दोघी बहिणी पाणी शेंदता शेंदता एकदम कंबर चाचपायचो आणि एकमेकींवर हसायचो. भावजींची मान तर कायमची खाली गेली. जन्मभर वर बघून जगलेला माणूस, पण संध्याकाळी वारा कुठला आहे हे आम्हाला विचारायला लागला. तेही लिहून.

माड मात्र वाट बघत होते. गाता येत नाही तर चढता येत नाही. रोटिया शेजाऱ्यांकडून नीरा मागून आणायची, आणि भावजी दुसऱ्याच्या बाटलीतली नीरा पिताना तोंड फिरवायचे. ज्याच्या घरची काकवी गाव चाटायचं, त्यानं मागून आणलेली नीरा प्यायची. मला तर रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो.

तेव्हा तियारेतीनं तो घोळ घातला. तियारेती त्यांची एकुलती एक लेक, ब्रिस्बेनला म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. गाठ कळण्याआधीच्या नाताळात ती घरी आली होती आणि माझ्या न्हाणीमागे उभी राहून तिनं बापाचं अख्खं गाणं फोनमध्ये भरून घेतलं होतं, चढल्यापासून उतरेपर्यंत. ते तिनं पाठवलं. ‘पप्पा, तुमचा आवाज माझ्याकडे शाबूत आहे. हा घेऊन चढा.’

पोरीचा जीव, दुसरं काय. चावडीतल्या म्हाताऱ्यांचा म्होरक्या तेकिनाती, त्यानं फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि निवाडा दिला. “आवाज त्याचाच आहे. गाणं त्याचंच आहे. चढू दे.”

पहिल्या दिवशी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कमरेला बांधून भावजी वर गेले. आणि तो आवाज आला! गाव जागच्या जागी थांबलं. रोटिया मातीत बसली. मीही रडले, खोटं कशाला बोलू. एवढ्यात ओळ आली, “बेरेते, बेरेते, कढई करपली.” मी आनंदानं ओरडले, “तुमच्या टकलावर!” पण वरचं गाणं थांबलं नाही, हसलं नाही, सरळ पुढं गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कढई करपली. तिसऱ्या दिवशीही. माझी कढई घासून पुसून पालथी पडलेली असायची, आणि गाव ऐकायचं की बेरेताची कढई करपली. गावातल्या बाया मला दुकानात विचारायला लागल्या, “काय गं, आज पण?”

पण माझं जाऊ दे. भावजींचे हाल मला खालून दिसत होते. आधी गाणं त्यांच्या अंगामागून चालायचं, आता अंग गाण्यामागून धावायला लागलं. फोनला दम लागत नाही. ते अर्ध्या खोडावर धापा टाकतायत आणि फोन शेंड्यावरची लांब ओळ म्हणतोय. ती ओळ गाठायला ते घाई करायचे, घाईत जाड काप जायचा, आणि जाड काप गेला की पोय लवकर संपते. दोन चांगल्या पोया त्यांनी अशा वाया घालवल्या. एकदा अंगठा कापून घेतला. गाणं संपायचं तेव्हा ते अजून दोरीच बांधत असायचे, मग उरलेलं काम सोडून भराभर खाली, चोरासारखे.

आणि खाली त्यांची जागा कुणी घेतली होती? फोननं. ते गाणं सगळ्यांनी आपापल्या फोनवर घेतलं. दुकानात तेच, चर्चच्या आवारात तेच, कुणाचा फोन वाजला तरी तेच. बरानिकोचा आवाज गावभर हिंडत होता आणि बरानिको ओसरीवर एकटे बसून होते. लोक त्यांच्यासमोर त्यांचं गाणं लावून म्हणायचे, “वा, काय गळा होता!” होता म्हणे. माणूस समोर बसलाय!

एका संध्याकाळी ते वर होते, गाणं रंगात आलं होतं, आणि एकदम तुटलं.

मी न्हाणीतून ओलीच बाहेर पडले. दुकानदार वजनकाटा टाकून धावला, बायका भात चुलीवर सोडून धावल्या, तेकिनाती काठी विसरून धावला. रोटिया सगळ्यांच्या पुढं होती. माडाशी पोचेपर्यंत ती मुळावर अडखळून आपटली आणि गुडघा हाडापर्यंत फाटला. “अहो! अहो!” तेवढंच तिच्या तोंडात. वरून काही उत्तर नाही. आम्ही बुंध्याभोवती शोधतोय, झुडपं बाजूला करतोय, तर माणूस कुठंच पडलेला नाही. मान वर केली तर झावळ्यांतून एक हात हलतोय. काही झालं नव्हतं. तियारेतीचा फोन आला होता, म्हणून गाणं थांबलं होतं.

लोक आधी हसले, मग चिडले, कारण सगळ्यांचे भात लागले होते. भावजी खाली उतरले. रोटिया मातीत बसून गुडघा दाबून धरत होती.

“ओरडायचं तरी!” ती रडत म्हणाली. “एकदा, नुसतं ‘ओ’ म्हणायचं!”

त्यांनी अंगठा चालवला. तिच्या कमरेला गुरगुर झाली. तिनं फोन काढला, बघितलासुद्धा नाही, आणि सरळ डुकरांच्या कुंपणात भिरकावला.

रविवारी प्रार्थनेनंतर मानेआबात, म्हणजे आमच्या चावडीत, हा विषय निघाला. म्हातारे आपापल्या खांबाशी, बाकीचे मागं, बायका त्याहून मागं. तेकिनातीनं घसा खाकरला.

“बरानिको आपल्या गावची शान आहे,” तो म्हणाला. “त्याचा माड कुणी बंद करणार नाही. फक्त चढताना फोन असा लावायचा की मध्ये कुणाचा फोन येणार नाही. पोरांना ते जमतं. आणि स्वातंत्र्यदिनाच्या जेवणावळीत तेच गाणं मोठ्या कर्ण्यावर लावायचं. बरानिको पुढं बसेल, डोक्यावर फुलं घालून. बरानिको, तू काही करायचं नाहीस. नुसतं बसायचं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हेच तर वाईट. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. सगळे मिळून प्रेमानं त्या माणसाला जिवंतपणी फोटोच्या चौकटीत बसवत होते. मी भावजींकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते आणि अंगठा ‘बरं’ लिहायला निघाला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मला बोलायचंय,” मी मागून म्हणाले.

“बायकांचं नंतर,” तेकिनाती म्हणाला.

“नियम बायकांसाठी केलाय, काका. मग नंतर कसं? न्हाणीत तुम्ही बसता की मी?”

बायका खुसखुसल्या. मी उभी राहिले. तेकिनातीकडे न बघता थेट भावजींकडे पाहून बोलले. मेव्हणी आहे मी. माझा तो हक्क आहे.

“भावजी, खरं सांगू? तो फोन गायला लागला की मी कापड ओढत नाही. दोन दिवस ओढलं, मग सोडून दिलं. तुमच्या झाडाखाली मी आरामात अंग चोळत बसते. कुणाला लाजायचं? वर आहे कोण? फोन!”

मानेआबा हसून हसून फुटायचा बाकी राहिला. मग हसू विरलं, कारण मी काय बोलले ते लोकांच्या हळूहळू डोक्यात शिरलं. पुरुषाला याहून मोठी शिवी आमच्यात नाही. रोटियानं माझं कापड खाली खेचलं. “बस गं मेले, बस!”

“बेरेता!” तेकिनाती गरजला. “काही लाज?”

भावजी उठले.

ते उठले तशी सगळ्यांनी आपापल्या कमरेत हात घातला. उत्तर येणार म्हणून. सगळं गाव फोन हातात धरून, माना खाली घालून वाट बघत बसलं. एकही फोन गुरगुरला नाही. मग ती वाळकी झावळी वाळूतून ओढली गेली.

“उद्या,” भावजी म्हणाले. थांबले. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, दुखत असणार. “उद्या... ओढशील.”

एवढंच बोलून ते खाली बसले. कुणी हसलं नाही. तेकिनाती मात्र सावरला. तो वाईट माणूस नाही, पण नियमाचा पक्का.

“हे बघ बरानिको, हा आवाज वाऱ्यात पाच माडांपलीकडं जाणार नाही. पडलास तर कळणार कुणाला? आणि याला गाणं म्हणायचं कसं? फोन घे, नाहीतर चढू नकोस. चावडीचा निवाडा आहे.”

भावजींनी हातातला फोन तेकिनातीपुढं चटईवर ठेवला. मग रोटियाला हात दिला, कारण तिचा गुडघा बांधलेला होता, आणि दोघं चालायला लागली. म्हाताऱ्यांचं बोलणं संपायच्या आत मानेआबातून उठून जाणारा माणूस मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेले. मुद्दाम वेळ साधून गेले असं गाव म्हणतं. म्हणू दे. तांब्या भरला होता, तेवढ्यात डोक्यावर खोडाला पाय घासल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते सुरू झालं. गाणं म्हणवत नव्हतं त्याला. एक शब्द, मग नुसती हवा, मग एक शब्द. कुत्री भुंकायला लागली. शेजारचं तान्हं पोर दचकून रडलं. पण चढताना शब्द तुटक होते, श्वास पुरेल तेवढेच. शेंड्यावर पोचल्यावर एक ओळ लांबली, फाटली, तरी लांबतच राहिली, आणि मला कळलं की सुरी पोयीवर फिरतेय. अगदी पातळ काप.

“बेरेते,” वरून घरघर आली. “कोंबडा... तुझ्या... तांदळात.”

कुडाच्या फटीतून पाहिलं, तर खरंच! मेला कोंबडा दारातल्या सुपात उभा राहून तांदूळ उधळत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वरून मला कुणीतरी बघत होतं. मला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

तोवर तेकिनाती काठी आपटत आलाच. मागून निम्मं गाव.

“बरानिको! उतर खाली! हे गाणं नव्हे!”

वरची घरघर वाढली.

“निवाडा झालाय! मी सांगतोय, उतर!”

घरघर थांबली. मग वरून सावकाश एक एक शब्द पडला. “उतरवायला... वर... या.”

तेकिनातीचे गुडघे त्याला मानेआबाच्या पायरीवर चढू देत नाहीत, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. कुणीतरी हसलं. दुसरं हसलं. रोटिया लंगडत आली आणि माडाच्या बुंध्याला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघून तेकिनातीनं तिच्याशी बोलायचा विचार सोडला आणि माझ्या न्हाणीकडे वळला.

“बेरेते, आत आहेस ना?” तो म्हणाला. “कालची तूच मोठी बोलणारी. नियम बायकांसाठी आहे म्हणालीस. मग तूच सांग, सगळ्यांच्या देखत. हे गाणं आहे का?”

वर पुन्हा सुरू झालं होतं. एक शब्द, हवा, एक शब्द.

“काका, गाण्यातलं मला काही कळत नाही,” मी आतून ओरडले. “पण मी गळ्यापर्यंत कापड ओढून बसलेय. तुम्ही जा आता. माझी अंघोळ राहिलीय, आणि झाडावर माणूस आहे.”